वाल्डेमार हाफकिन
वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे जीवाणूशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या रोगांवरील प्रतिबंधक लसी त्यांनी तयार केल्या. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य
त्यांचा जन्म रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करताना १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

मुंबईतील कार्य
सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतर हाफकिन यांना मुंबईत पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जीवाणू वाढवले आणि उष्णतेने ते मारून लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतः ती टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण कमी आढळले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलवण्यात आली.

लसीमागील शास्त्र
रक्तद्रवात संरक्षक द्रव्ये निर्माण होतात, हे बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले होते. मात्र ती तयार करणाऱ्या पेशी तेव्हा अज्ञात होत्या. बी-पेशींची स्वतंत्र ओळख १९६० च्या दशकात पटली. या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट ग्राही असतो. लसीतील मृत जीवाणूंचा एखादा घटक त्याच्याशी जुळला, की टी-पेशींच्या साहाय्याने ती बी-पेशी विभाजित होते. तिच्या वंशातील काही पेशी प्लाझ्मा पेशी होऊन प्रतिपिंडे स्रवतात, तर काही स्मृतिपेशी म्हणून टिकून राहतात. मृत जीवाणू रोग उत्पन्न करू शकत नाहीत, पण ही प्रक्रिया सुरू करू शकतात. हाफकिन यांच्या लसीचे संरक्षण मर्यादित काळ टिकत असल्याने ती पुन्हा टोचावी लागे.

मुल्कोवाल प्रकरण
ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. चौकशीत प्रयोगशाळेवर ठपका ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेल्याचे पुढे निदर्शनास आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले आणि पुन्हा भारतात, कोलकात्यात रुजू झाले; परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे मात्र त्यांच्याकडे परत आली नाहीत.

उत्तरायुष्य व गौरव
१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.