सार्वजनिक काका कोण होते? पुण्याच्या सार्वजनिक सभेने नागरिकांचे हक्क मागायची पद्धत कशी घडवली?

नागरिकांच्या वतीने सरकारकडे मागणी करणाऱ्या कोणत्याही संघटनेला एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्हाला बोलायचा अधिकार कोणी दिला? दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका वकिलाने या प्रश्नाचे उत्तर कागदावर सह्या घेऊन तयार ठेवले होते. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखतो.

सभा स्थापन का झाली?

जोशी यांचा जन्म १८२८चा, साताऱ्याचा. पुढे पुण्यात वकिली करताना ते शहराच्या सार्वजनिक कामांत ओढले गेले. निमित्त ठरले पर्वती देवस्थानाचे. तिथल्या पंचांच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, पण त्या एकत्र मांडणारी कायमची संस्था नव्हती. त्या चर्चेतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे गेले. रोजच्या कामाचा भार मात्र जोशी यांनी उचलला.

मुखत्यारपत्राची अट काय होती?

सभेचे वेगळेपण तिच्या नियमात होते. सभासद व्हायचे, तर किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. वकील जसा अशिलाकडून वकालतनामा घेतो, तसाच हा प्रकार. सुरुवातीला ९५ सभासद होते आणि त्यांच्यामागे सुमारे ६ हजार लोकांच्या सह्या होत्या. मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता, कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. अशा काळात ही जवळपास निवडणूकच होती. अर्ज आला की तो चार सुशिक्षितांचा आहे, असे म्हणून बाजूला सारणे सरकारला आता अवघड झाले.

सभेने आधी काय हाती घेतले?

१८७१च्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बदलीवर पुण्यात आले आणि सभेला अभ्यासाची जोड मिळाली. रानडे सरकारी नोकर असल्याने त्यांना पडद्यामागे राहावे लागे. पुढे उभे राहायचे काम जोशी यांचे. सभेचा पहिला मोठा विषय शेतसारा होता. फेरआकारणीत सारा किती वाढला आणि शेतकऱ्याला तो पेलतो का, याची चौकशी करून सभेने १८७३ मध्ये अहवाल दिला. दोनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भारताला प्रतिनिधित्व मिळावे, असा अर्जही सभेने केला.

सोबतच दुसरे कामही चालू होते. कोर्टाचा खर्च टाळून तंटे आपसांत मिटावेत म्हणून लवाद कोर्ट उभे राहिले. १८७२ मध्ये जोशी यांनी स्वदेशी वापरायची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातत आणि खादी वापरत. स्वदेशी मालाच्या दुकानांसाठीही त्यांनी खटपट केली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात 'स्त्री विचारवती सभा' सुरू केली.

जानेवारी १८७७ : दरबार आणि दुष्काळ

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करणारा दरबार भरला. संस्थानिकांच्या जरीच्या पोशाखांत जोशी सभेचे प्रतिनिधी म्हणून पांढऱ्या खादीत हजर होते. राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे, तोच भारतीयांना मिळावा, ही मागणी सभेच्या मानपत्रात होती.

इकडे दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी घटवली. प्रौढ मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य, हा हिशेब धरला गेला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरणारे नव्हते. हजारो मजुरांनी कामे सोडली. सभेने त्यांची बाजू घेतली. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून पीक, भाव, स्थलांतर आणि मृत्यू यांची माहिती जमवली आणि ती पत्रांतून मुंबई सरकारपुढे ठेवत राहिली. सरकारच्या आकड्यांना आकड्यांनीच उत्तर देण्याची ही पद्धत पुढे सभेची ओळख बनली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिकही निघू लागले.

फडके खटल्यात काय झाले?

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला चालला. बंडखोराचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. पुण्यातील सुशिक्षितांवर आधीच संशय होता. रानडे यांचीही धुळ्याला बदली झाली होती. सभेचा मार्ग सनदशीर, तर फडके यांचा सशस्त्र. तरीही आरोपीला बचावाचा हक्क आहे, या भूमिकेवरून जोशी कोर्टात उभे राहिले. फडके यांना जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला पाठवण्यात आले. जुलै १८८० मध्ये जोशी यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५२ होते.

सभा खरेच सार्वजनिक होती का?

यावर तेव्हाही वाद होता. सभासदांत सरदार, वकील, सावकार, पेन्शनर आणि प्रामुख्याने ब्राह्मण होते. १८७३ मध्ये पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन करणारे महात्मा जोतीराव फुले यांना शूद्रातिशूद्रांच्या वतीने बोलण्याचा सभेचा दावा मान्य नव्हता. मुखत्यारपत्रावर सही करणारा शेतकरी सभेच्या बैठकीत मात्र दिसत नव्हता, ही तिची मोठी मर्यादा होती.

पुढे काय झाले?

१८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात घ्यायचे ठरले होते आणि यजमानपद सभेकडे होते. कॉलऱ्यामुळे ते मुंबईला हलवावे लागले. १८९५ मध्ये सभा लोकमान्य टिळकांच्या गटाकडे गेली. रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. नेतृत्व बदलले, प्राधान्यक्रमही बदलले. जोशी यांनी घालून दिलेला क्रम मात्र पुढच्या अनेक संघटनांच्या कामी आला : आधी लोकांची संमती, मग माहिती, मग अर्ज आणि गरज पडली तर कोर्ट.