पैलवान खाशाबा जाधव

आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत जत्रेंतील कुस्त्यांचा फड ज्यानें पाहिला नाहीं, असा विद्यार्थी विरळाच. अशाच मातींत वाढून ज्यानें परदेशीं भारताचें नांव उज्ज्वल केलें, त्या मल्लाचें हें अल्पचरित्र.

खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं झाला. वडील स्वतः मल्ल असल्यामुळें कुस्तीचे पहिले धडे घरींच मिळाले. खाशाबांचा बांधा लहान. परंतु ती उणीव त्यांनीं चपळाईनें व डावपेंचांनीं भरून काढिली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांतून ते पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत गेले.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांना सहावा क्रमांक मिळाला. मातीवर वाढलेल्या ह्या तरुणास तेथें गादीवर लढावें लागलें होतें. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें, तर जवळ द्रव्य नाहीं. तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली आणि प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकी येथें त्यांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविलें. मात्र एका दमविणाऱ्या कुस्तीनंतर नियमानुसार मिळावयाची विश्रांति न मिळतां त्यांना पुन्हां आखाड्यांत उतरावें लागलें. त्यांची बाजू मांडण्यास जवळ कोणी भारतीय अधिकारी नव्हता. तरीही कांस्यपदक त्यांनीं मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तसें दुसरें पदक येण्यास १९९६ साल उजाडलें.

स्वदेशीं शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण त्या जयघोषांत खाशाबा आपलें ऋण विसरले नाहींत. त्यांनीं कुस्त्यांचे सामने भरविले, स्वतः लढून जिंकले आणि त्या पैशांतून गुरूंचें घर सोडविलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत शिरले व तेथें दीर्घकाळ इमानानें सेवा केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचें निधन झालें. सरकारनें अर्जुन पुरस्कार दिला, तोही मरणोत्तर.

विद्यार्थिमित्रहो, पदक थोड्यांनाच लाभतें. परंतु आपल्यासाठीं ज्या मातापित्यांनीं व गुरुजनांनीं झीज सोसली, त्यांचें ऋण स्मरणें प्रत्येकाच्या हातीं आहे. खाशाबांचा खरा मोठेपणा ह्यांतच दिसतो.