सर जमशेटजी जीजीभाई

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या बीड जिल्ह्यातूनही आजारी माणसांना तेथे नेतात. ही दोन अक्षरे ज्यांच्या नावाची आहेत, ते सर जमशेटजी जीजीभाई डॉक्टर नव्हते. ते व्यापारी होते.

जमशेटजींचा जन्म १७८३ साली झाला. लहान वयातच त्यांचे आईवडील वारले. मुंबईत त्यांचे मामा रिकाम्या बाटल्या विकत असत. तेथे जमशेटजी धंदा शिकले. पुढे ते जहाजाने चीनला जाऊ लागले. अशा त्यांनी पाच सफरी केल्या. १८०५ साली फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले आणि त्यांचा माल गेला. तरीही त्यांनी व्यापार सोडला नाही. चीनला कापूस आणि अफू पाठवून त्यांनी अमाप पैसा मिळवला.

अफूची गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. चीनच्या बादशहाने अफूवर बंदी घातली होती. तरी ती चोरून उतरवली जाई. ती ओढून तेथील कितीतरी घरे बुडाली. बापाच्या व्यसनापायी जी मुले उपाशी राहिली, त्यांनी जमशेटजींकडून काहीच विकत घेतले नव्हते. त्यांचा विचार त्या काळी मुंबईतल्या कोणत्या पेढीवर होत होता?

मुंबईत मात्र जमशेटजींनी असा विचार पुष्कळ केला. कर्ज फेडता न आल्यामुळे अनेक गरीब लोक तुरुंगात पडले होते. ते जमशेटजींचे देणेकरी नव्हते. तरी १८२२ साली जमशेटजींनी त्यांचे कर्ज भरले आणि त्यांना सोडवले. सरकारने चराईवर पट्टी बसवली, तेव्हा गुराख्यांचे हाल झाले. जमशेटजींनी ठाकुरद्वारजवळ जमीन विकत घेऊन ती गुरांसाठी मोकळी केली. बिचारी गुरे कोणाची गिऱ्हाइके होणार! गरिबांच्या रुग्णालयासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. ते रुग्णालय १८४५ साली सुरू झाले.

त्या काळी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. लोक नावेने खाडी ओलांडत. पावसाळ्यात नावा उलटत आणि माणसे बुडत. तेथे रस्ता बांधण्याचा खर्च करायला कंपनी सरकार तयार नव्हते. तेव्हा जमशेटजींच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले. एवढा पैसा घातल्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून तो वसूल करणे सोपे होते. पण आवाबाईंनी उलटीच अट घातली. या रस्त्यावर कोणाकडूनही पथकर घ्यायचा नाही, असे त्यांनी सरकारकडून कबूल करून घेतले. १८४५ साली रस्ता खुला झाला. पायी जाणारा मजूर आणि गाडीतून जाणारा सावकार, दोघेही एक पैसा न देता त्यावरून जाऊ लागले.

१८४२ साली जमशेटजींना सर हा किताब मिळाला होता. १८५९ साली ते वारले. माहीमच्या त्या रस्त्यावर आजही रात्रंदिवस गर्दी असते.