वसईचे संत गोन्सालो गार्सिया

व्रतस्थ जीवनासाठी ईश्वराकडून येणाऱ्या हाकेला मराठी कॅथॉलिक समाजात पाचारण म्हणतात. ही हाक खरी आहे की नाही, याचा निर्णय साधकाबरोबरच त्याला स्वीकारणाऱ्या संघालाही करावा लागतो. वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांना या निर्णयासाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागली.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. त्या वेळी वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांचे वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या सुमारे १५ व्या वर्षी ते या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. मात्र त्यांची विनंती मान्य झाली नाही. भारतात जन्मलेल्यांना संघात घेण्याबाबत त्या काळी असलेली नाखुशी हे या नकारामागील कारण मानले जाते. निराश झालेल्या गोन्सालो यांनी धर्मशिक्षकाचे काम सोडून व्यापार सुरू केला. व्यापारात त्यांचा जम बसला, परंतु मूळ ओढ कायम राहिली. अखेर स्पेनच्या अमलाखालील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना व्रतबंधू म्हणून स्वीकारले. धर्मगुरुपदाची दीक्षा नसलेले हे सेवेचे स्थान होते. त्यासाठी त्यांनी भरभराटीला आलेल्या व्यवसायाचा त्याग केला.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरने जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठविले. त्यात दुभाषा म्हणून गोन्सालो यांची निवड झाली. धर्मशिक्षक असताना शिकलेली भाषा आता नव्या संघाच्या कामी आली. क्योटो येथे या संघाने चर्च उभारले आणि कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली.

हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा आदेश दिला होता, तरी त्याची अंमलबजावणी सैल होती. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यानंतर धर्मप्रचारामागे स्पेनचा राज्यविस्ताराचा हेतू असल्याचा संशय बळावला आणि धरपकड सुरू झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली व ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तीन जपानी सदस्य आणि १७ जपानी प्रापंचिक होते. ज्या संघाने गोन्सालो यांना प्रवेश नाकारला होता, त्या संघाच्या सदस्यांबरोबरच त्यांनी मृत्यू स्वीकारला. त्या वेळी त्यांचे वय सुमारे ४० वर्षे होते.

पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी या हुतात्म्यांना संतपद बहाल केले. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथॉलिक संत ठरले. वसईतील एक महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.