एक्सप्लेनर : अडकलेला रिसीव्हर आपोआप सावरावा म्हणून झटणारे जगदीशचंद्र बोस, राउटर ‘ऑफ-ऑन’ करण्याआधी वाचा ही गोष्ट

नंदुरबार : देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आले. आज जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या अर्जापासून सातबाऱ्यापर्यंत अनेक कामे ऑनलाइन होतात. त्यामुळे अर्जाच्या शेवटच्या दिवशी घरातल्या राउटरचा दिवा लाल झाला की सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. मग कुणीतरी म्हणतेच, ‘बंद करून परत चालू कर!’

बिनतारी संदेश पकडणारे यंत्र मध्येच अडकते, ही तक्रार वायफायच्या खूप आधीची आहे. ती मुळापासून सोडवायला निघालेल्या एका भारतीय शास्त्रज्ञाची ही ओळख.

कोण होते बोस?

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी तेव्हाच्या बंगालमध्ये झाला. वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे जगदीशचंद्र शेतकरी आणि कोळ्यांच्या मुलांसोबत शिकले. पुढे कोलकात्याचे सेंट झेवियर्स कॉलेज आणि मग इंग्लंडमधील केंब्रिज, असे त्यांचे शिक्षण झाले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यांना युरोपीय प्राध्यापकांपेक्षा बराच कमी पगार देऊ करण्यात आला. बोस यांनी तो घेतलाच नाही. शिकवणे मात्र एक दिवसही थांबवले नाही. घरावर कर्ज असताना त्यांनी अशी तीन वर्षे काढली. अखेर कॉलेजला माघार घ्यावी लागली आणि पूर्ण पगार मागील थकबाकीसह मिळाला. तो पैसा वडिलांचे कर्ज फेडण्यात गेला.

भिंतीपलीकडची घंटा कशी वाजली?

कॉलेजात संशोधनासाठी धड प्रयोगशाळा नव्हती. एका छोट्या खोलीत, स्थानिक कारागिराकडून उपकरणे बनवून घेत त्यांनी काम सुरू केले. १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून सोडलेल्या विद्युत लहरी भिंती ओलांडून गेल्या. सुमारे ७५ फुटांवर त्या लहरींनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मध्ये एकही तार नव्हती.

त्यांच्या लहरींची लांबी अवघ्या ५ मिलिमीटरपर्यंत खाली होती. आजच्या भाषेत ही फ्रिक्वेन्सी ६० गिगाहर्ट्झच्या आसपास येते. घरातले वायफाय साधारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालते.

रिसीव्हर अडकायचा म्हणजे काय व्हायचे?

त्या काळी लहरी ओळखण्यासाठी ‘कोहिरर’ नावाचे साधन वापरत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. लहर आली की कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. पण ते चिकटलेलेच राहत. पुढचा संदेश पकडण्यासाठी नळीला टिचकी मारून कण मोकळे करावे लागत. त्या काळचा हा ‘रीस्टार्ट’च म्हणायचा.

बोस यांनी एकेक गोष्ट वेगळी करून तपासली. किसाऐवजी त्यांनी बारीक स्प्रिंग वापरल्या. बंगालच्या दमट हवेत पोलाद गंजते, म्हणून त्यावर कोबाल्टचा मुलामा दिला. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा वापरून असा रिसीव्हर मांडला, जो टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत होत असे.

श्रेय कुणाला मिळाले?

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून संदेश पकडला. तेव्हा त्यांनी वापरलेला पाऱ्याचा रिसीव्हर बोस यांच्या रचनेशी जुळणारा होता, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. तोवर जगभर मार्कोनींचेच नाव झाले होते. बोस यांना शोधातून पैसा कमवायचा नव्हता. मित्रांच्या आग्रहामुळे केलेल्या अर्जावर १९०४ मध्ये त्यांना दुसऱ्या एका रिसीव्हरचे अमेरिकन पेटंट मिळाले, पण त्याचाही त्यांनी फायदा उठवला नाही.

यंत्रही थकते?

सतत संदेश घेतल्यावर रिसीव्हर मंदावतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा तरतरीत होतो, हे बोस यांच्या लक्षात आले. इतरांनी याला बिघाड म्हणून सोडून दिले असते. बोस यांनी मात्र धातू, स्नायू आणि वनस्पती यांच्या प्रतिसादांची तुलना सुरू केली. लंडनच्या काही नामांकित शरीरशास्त्रज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला. बोस मागे हटले नाहीत. वनस्पतींची अतिसूक्ष्म वाढ मोजणारे ‘क्रेस्कोग्राफ’ याच वाटेवर तयार झाले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मग आपला राउटर का अडकतो?

त्याचे कारण वेगळे आहे. राउटर हा छोटा संगणकच असतो. बरेच दिवस चालू राहिल्यावर मेमरी भरते किंवा एखादा प्रोग्राम अडकतो. वीज बंद केली की सगळे पुसले जाऊन नव्याने सुरुवात होते. पण दोष नेमका कुठे आहे, हे शोधण्याची बोस यांची एकेक टप्पा तपासण्याची रीत इथेही लागू पडते.

क्रमाने हे तपासा

• आधी फायबर मोडेम पाहा. ‘लॉस’ दिवा लाल असेल तर बाहेरून सिग्नलच येत नाही. रीस्टार्ट करत बसू नका, कंपनीकडे तक्रार नोंदवा.

• दिवे ठीक असतील तर मोडेम व राउटर दोन्ही बंद करा. अर्ध्या मिनिटाने आधी मोडेम लावा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर.

• केबलने नेट चालते पण वायफायवर नाही, तर दोष राउटरच्या वायफायमध्ये किंवा जागेत आहे. तो उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. जाड भिंत आणि लोखंडी कपाट सिग्नल अडवतात.

• एकाच मोबाइलवर नेट नसेल तर त्या मोबाइलचे सेटिंग तपासा.

• मागचे ‘रीसेट’ बटण दाबू नका. त्याने पासवर्डसह सगळी सेटिंग पुसली जातात.