चाकाचा तोल जाणणारे अल-जजरी

मोटारीचे चाक बसविण्यापूर्वी टायरवाला ते यंत्रावर गरगर फिरवितो आणि रिमच्या कडेला एक छोटेसे वजन ठोकतो, हे आपण पाहिले असेलच. चाकाची एक बाजू थोडी जरी जड राहिली तरी गाडी थरथरते व बेअरिंग लवकर झिजते. वेग दुप्पट झाला की हा हिसका चौपट होतो. इंजिन असो, पंखा असो की टर्बाइन, फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला हा नियम लागू आहे. अशा तोलाची काळजी आठशे वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या ग्रंथात नोंदविली, त्या बदीउज्जमान अल-जजरी यांची ओळख आपल्या मुलांना असलीच पाहिजे.

दजला आणि फुरात या नद्यांमधल्या अल-जजीरा प्रदेशावरून त्यांना हे नाव पडले. तैग्रिसकाठच्या आमिद शहरी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर येथे, अर्तुकी सुलतानांच्या पदरी त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे काढली. सुलतान नासिरुद्दीन महमूद यांच्या आज्ञेवरून त्यांनी यंत्रांचा ग्रंथ लिहिला. तो १२०६ साली पुरा झाला. त्यात पन्नास यंत्रांची वर्णने आकृत्यांसह आहेत.

दरबारी विद्वान म्हटला म्हणजे हाताला काळे न लावणारा, अशी आपली समजूत असते. जजरींचे तसे नव्हते. करून पाहिल्याशिवाय कोणत्याही युक्तीवर त्यांचा विश्वास बसत नसे आणि पूर्वसूरींची चूक दाखविण्यासही ते कचरत नसत. लाकूड वाकडे होऊ नये म्हणून फळ्या एकावर एक चिकटवाव्यात, झडपा कुरुंदाच्या भुकटीने घासून बसवाव्यात, मोठ्या कप्प्यांचा तोल पारखून घ्यावा, असे बारकावे त्यांनी लिहून ठेवले. तोल पारखणे म्हणजे काय? चाक आसावर मोकळे सोडावे. जड बाजू आपोआप खाली येते. ती तासावी किंवा समोरच्या बाजूला वजन वाढवावे. चाक कोठेही थांबविले तरी तेथेच स्थिर राहिले, की तोल साधला. आज आपण याला स्थिर संतुलन म्हणतो. वेगाने फिरणाऱ्या लांब दांड्याला एवढे पुरत नाही, त्याचा तोल फिरता असतानाच तपासावा लागतो. पण शिकणाऱ्याची पहिली पायरी हीच.

त्यांचे हत्तीचे घड्याळ तर तोलाचाच खेळ आहे. हत्तीच्या पोटातील पाण्यावर बारीक छिद्राचे भांडे तरंगते आणि अर्ध्या तासाने बुडते. आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी पाण्यात सोडीत ते घटिकापात्र आठवा. ही भारतीय युक्तीच त्यांनी उचलली होती. भांडे बुडताच एक गोळी सुटून सापाच्या तोंडात पडते. तिच्या वजनाने आसावर बसविलेला साप खाली झुकतो, बुडालेले भांडे वर ओढतो, गोळी टाकतो आणि हलका होऊन पूर्ववत उभा राहतो. वजनाचा हिशेब थोडा चुकला तर सारेच अडेल!

डोनाल्ड हिल या इंग्रज इंजिनियराने १९७४ साली हा ग्रंथ इंग्रजीत आणला. त्याच्या आधारे जजरींच्या एका भव्य जलघड्याळाची प्रतिकृती तयार झाली, आणि १९७६ च्या इस्लामी महोत्सवात लंडनच्या विज्ञान संग्रहालयात लोकांनी ती पाहिली.