शब्दांची टांकसाळ : डॉ. रघुवीर यांचे जीवन आणि कार्य

घटक ४

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• डॉ. रघुवीर यांच्या जीवनाचा आणि परिभाषानिर्मितीच्या कार्याचा परिचय करून देणे.
• धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या साहाय्याने शब्द कसे घडवले जातात, हे उदाहरणांसह स्पष्ट करणे.
• घडवलेला शब्द रूढ का होतो किंवा का होत नाही, याची कारणे सांगणे.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भंडारा जिल्ह्यातील एखाद्या तहसील कार्यालयात आपण गेला असाल, तर दोन प्रकारचे शब्द आपल्या कानांवर आणि डोळ्यांवर आले असतील. दारावरच्या पाटीवर अधीक्षक, पर्यवेक्षक, उपविभागीय अधिकारी असे शब्द असतात. बाकावर बसलेला शेतकरी मात्र बांधी, बोडी, पऱ्हे, रोवणी असे शब्द बोलत असतो आणि तलाठ्याला अजूनही पटवारी म्हणतो. दुसऱ्या प्रकारचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून आले आहेत. पहिल्या प्रकारचे शब्द कोणीतरी टेबलाशी बसून, नियम ठरवून योजलेले आहेत.

शब्द असे ठरवून घडवता येतात का? आणि घडवले तर ते भाषेत जगतात का? या प्रश्नांची परीक्षा पाहणारे एक आयुष्य विसाव्या शतकात होऊन गेले. त्या आयुष्यातील महत्त्वाची दहा वर्षे भंडाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, नागपुरात गेली. ते आयुष्य डॉ. रघुवीर यांचे.

४.२ पूर्वपीठिका

नियमाने शब्द घडवण्याची कल्पना मराठीला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश तयार झाला. दरबारात रुळलेल्या फारसी व अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय देण्यात आले. युरोपात १८८७ मध्ये डॉ. झामेनहॉफ यांनी याहून धाडसी प्रयोग केला. वॉर्सा येथे प्रसिद्ध झालेल्या एका लहान पुस्तिकेत त्यांनी एस्पेरांतो ही संपूर्ण कृत्रिम भाषा मांडली. मूळ शब्द त्यांनी फक्त नऊशेच्या आसपास दिले. बाकीचे शब्द घडवण्याची रीत दिली. बोना म्हणजे चांगला. त्याच्यामागे विरोध दाखवणारा उपसर्ग लावला की मालबोना म्हणजे वाईट. थोड्या मुळांतून पुष्कळ शब्द निघतील, अशी ही योजना होती.

डॉ. रघुवीर यांनी नवी भाषा निर्माण केली नाही. त्यांच्या वाक्यांचे व्याकरण हिंदीचेच राहिले. तथापि त्या व्याकरणात बसवण्यासाठी त्यांनी जो शब्दसंग्रह रचला, तो जवळजवळ एका नव्या भाषेएवढा मोठा होता. म्हणून कृत्रिम भाषेच्या शब्दसंपत्तीचा अभ्यास करताना आपल्याकडील सर्वांत जवळचे उदाहरण म्हणून त्यांच्याकडे पाहता येते.

४.३ लाहोर ते नागपूर

रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे झाला. त्यांचे उच्च शिक्षण लाहोरला झाले. पुढे ते युरोपात गेले आणि लंडन येथे पीएच.डी. व नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे डी.लिट. या पदव्या त्यांनी मिळवल्या. वैदिक वाङ्मयाचे थोर डच अभ्यासक विलेम कालांड यांच्यासोबत त्यांनी वाराह श्रौतसूत्राचे संपादन केले. परत आल्यावर लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात त्यांनी संस्कृत विभाग सांभाळला.

महाराष्ट्राशी त्यांचा पहिला मोठा संबंध महाभारतामुळे आला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती. तिच्यातील विराटपर्वाचे संपादन रघुवीर यांनी केले आणि ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक हस्तलिखिते समोर ठेवून प्रत्येक शब्दाचा पाठ निश्चित करण्याची सवय त्यांना या कामात लागली. पुढच्या कोशकार्यातील चिकाटीचे मूळ येथे दिसते.

भारतीय संस्कृतीच्या अभ्यासासाठी त्यांनी लाहोरला सरस्वती विहार ही संस्था स्थापन केली होती. याच संस्थेतून इंग्रजी पारिभाषिक संज्ञांना भारतीय पर्याय देण्याचे काम सुरू झाले. आपल्या कोशाला त्यांनी आंग्ल-भारतीय कोश असे नाव दिले, आंग्ल-हिंदी नव्हे, ही बाब लक्षात घ्या. संस्कृतावर आधारलेले शब्द मराठी, बंगाली, तेलुगू अशा सर्व भाषांना समान वापरता येतील, असा त्यांचा विश्वास होता.

फाळणीच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, सरस्वती विहार नागपूरला आली. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि भंडारा हा त्याच प्रांतातील जिल्हा होता. आजचा गोंदिया जिल्हाही तेव्हा भंडाऱ्यातच होता. प्रांताचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी या कार्याला पाठबळ दिले. रघुवीर संविधान सभेचे सदस्य झाले आणि १९५२ पासून मध्यप्रदेशातून राज्यसभेवर गेले.

४.४ शब्दांची गरज का होती?

स्वातंत्र्यानंतर राज्यकारभार इंग्रजीतून देशी भाषांत आणायचा होता. मध्यप्रदेशात १९५० मध्ये हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना कायद्याने राजभाषेचे स्थान मिळाले. त्याच वर्षी मालगुजारी नष्ट करणारा कायदा झाला आणि १९५१ पासून तो अमलात आला. भंडाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता, कारण येथील गावे, जमिनी आणि तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. मालगुजार गेला आणि गावकऱ्याचा शासनाशी थेट संबंध आला. हा संबंध कोणत्या शब्दांत व्यक्त करायचा? अधिसूचना, अपील, हक्कनोंद, अनुदान यांची भाषा इंग्रजीच राहिली, तर स्वातंत्र्याचा कागद गावकऱ्याला वाचता येणार नव्हता. रघुवीर यांच्या प्रयत्नामागची निकड ही होती. तिच्याकडे दुर्लक्ष करून त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करता येणार नाही.

४.५ शब्द घडवण्याची रीत

रघुवीर यांची रीत त्यांनी दिलेल्या तीन आकड्यांत सांगता येते : संस्कृतातील ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय. आता आपण साधा हिशेब करू. ५२० धातूंना प्रत्येकी २० उपसर्ग लावले, तर १०,४०० जोड्या होतात. त्या प्रत्येक जोडीला ८० प्रत्यय लावले, तर ८,३२,००० रूपे मिळतात. यांपैकी सर्वच अर्थपूर्ण ठरणार नाहीत. परंतु कोणत्याही विषयाची परिभाषा या भांडवलावर उभी राहू शकते, हे स्पष्ट होते.

ही रीत समजण्यासाठी ईक्ष्, म्हणजे पाहणे, हा एकच धातू घेऊ.

निर् + ईक्ष् : निरीक्षक
परि + ईक्ष् : परीक्षक
अधि + ईक्ष् : अधीक्षक
सम् + ईक्ष् : समीक्षक
प्र + ईक्ष् : प्रेक्षक
परि + अव + ईक्ष् : पर्यवेक्षक

शेवटच्या उदाहरणात दोन उपसर्ग आहेत. या सर्वांचे काम पाहण्याचे आहे. कोणी वरून पाहतो, कोणी सर्व बाजूंनी पाहतो, कोणी केवळ नाटक पाहतो. यांतील काही शब्द फार प्राचीन आहेत, काहींना आधुनिक काळात नवा अर्थ मिळाला आहे. परंतु सर्वांची घडण एकच आहे. त्याचप्रमाणे वि + धा या जोडीतून विधी, विधान, विधेयक, विधायक, वैध, अवैध, वैधता आणि सम् हा उपसर्ग जोडून संविधान, संवैधानिक हे शब्द मिळतात. परका शब्द एकटा येतो, आपले कुटुंब बरोबर आणत नाही. संस्कृत धातू मात्र संपूर्ण कुटुंब देतो, हा रघुवीर यांच्या भूमिकेचा गाभा होता.

हीच रीत त्यांनी विज्ञानाला लावली. हायड्रोजनला त्यांनी उदजन म्हटले. उद म्हणजे पाणी. पाण्याला जन्म देणारा तो उदजन. ऑक्सिजनला जारक, कार्बनला प्रांगार, नायट्रोजनला भूयाति अशी नावे दिली. धातूंच्या नावांना धातु या शब्दाची आठवण देणारा आतु हा समान शेवट जोडला : सोडियम म्हणजे क्षारातु, पोटॅशियम म्हणजे दहातु, कॅल्शियम म्हणजे चूर्णातु. ऑक्साइडला जारेय म्हटल्यावर कार्बन डायऑक्साइडचे प्रांगार द्विजारेय हे नाव आपोआप तयार झाले. नाव ऐकताच पदार्थाचा वर्ग कळावा, ही व्यवस्था झामेनहॉफ यांच्या योजनेइतकीच काटेकोर आहे. १९५५ मध्ये त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला. त्यांनी सिद्ध केलेल्या संज्ञांची संख्या लाखाच्या पुढे जाते.

४.६ टीका आणि परीक्षा

या भाषेला लवकरच रघुवीरी हिंदी असे उपहासाचे नाव पडले. कंठलंगोटासारखे थट्टेचे शब्दही त्यांच्या नावावर सांगितले जाऊ लागले. थट्टा बाजूला ठेवली तरी गंभीर आक्षेप उरतो. शासनाने १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावेच स्वीकारली. त्यामुळे जारक आणि क्षारातु पाठ्यपुस्तकांतून मागे पडले.

मराठीचा अनुभव येथे बोलका आहे. मराठीने प्राणवायू, कर्ब, नत्र हे शब्द आपलेसे केले. खतांबद्दल बोलताना शेतकरीही नत्र म्हणतो. जारकाची व्युत्पत्ती निर्दोष असेल. पण प्राणवायू ऐकताच श्वास आठवतो. शब्दाच्या रचनेतील तर्क आणि ऐकणाऱ्याच्या मनातील ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूढ होण्यासाठी दुसरी अधिक आवश्यक ठरते.

परक्या शब्दाला कुटुंब नसते, हा मुद्दाही तपासून पाहा. कायदा हा शब्द अरबीतून आला. मराठीने त्यापासून कायदेशीर, बेकायदा, कायदेमंडळ, कायदेपंडित असा परिवार वाढवला. म्हणजे शब्दाला संतती होते ती त्याच्या कुळामुळेच असे नाही. बोलणाऱ्यांनी त्याला घरात घेतल्यामुळेही होते.

आणखी एक मर्यादा भंडाऱ्यातून विशेष स्पष्ट दिसते. झाडीपट्टीत धानशेती आणि तलावांची मोठी परंपरा आहे. पाणी अडवणे, वाटणे, धान लावणे यांसाठी लोकांजवळ नेमके शब्द आहेत. रोपवाटिकेत वाढलेल्या धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात, बांध घातलेल्या तुकड्याला बांधी, लहान तलावाला बोडी. हे शब्द परिभाषेइतकेच काटेकोर आहेत. रघुवीर यांनी शब्दांचा शोध धातुपाठात घेतला. नागपूरपासून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावरील या शब्दभांडाराला त्यांच्या योजनेत मूळ स्रोताचे स्थान नव्हते. संपूर्ण देशासाठी समान परिभाषा हवी, तर बोलीतील शब्द पुरे पडणार नाहीत, हे त्यांच्या बाजूने म्हणता येते. परंतु प्रादेशिक कारभाराच्या भाषेत असे शब्द वगळले गेले, तर कागद देशी भाषेत येऊनही वाचणाऱ्याला परकाच वाटतो.

४.७ अखेरची वर्षे

१९५६ मध्ये सरस्वती विहार दिल्लीला गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. रघुवीर यांनी १९५५ मध्ये चीनचा प्रवास केला. मंगोलिया व आशियातील इतर देशांतून बौद्ध ग्रंथ आणि हस्तलिखिते मिळवली. त्यांचे पुत्र लोकेश चंद्र यांनी हे संशोधन पुढे वाढवले. चीनविषयक धोरणावरून मतभेद झाल्याने रघुवीर काँग्रेसमधून बाहेर पडले आणि १९६२ च्या अखेरीस भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झाले. फर्रुखाबाद येथील लोकसभा पोटनिवडणुकीत राममनोहर लोहिया यांच्या प्रचारासाठी जात असताना १४ मे १९६३ रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते साठ वर्षांचे होते.

४.८ समारोप

रघुवीर यांचे यश आणि अपयश एकाच ठिकाणी आहे. भारतीय भाषांत कोणतीही आधुनिक संकल्पना मांडता येते, ही गोष्ट त्यांनी प्रत्यक्ष काम करून सिद्ध केली. ज्या काळात देशी भाषांच्या क्षमतेबद्दलच शंका घेतली जात होती, त्या काळात हे कार्य मोलाचे होते. आज शासकीय मराठीत ज्या घडणीचे शब्द आपण सहज वापरतो, त्या घडणीवर त्यांचा विश्वास होता. मात्र टांकसाळीतून निघालेले नाणे बाजारात चालले तरच त्याला किंमत येते. एस्पेरांतोच्याही बाबतीत हेच झाले : नऊशे मुळांची भाषा हजारो मुळांपर्यंत वाढली, ती वापरणाऱ्यांनी वाढवली म्हणून.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण कार्यालयात, शाळेत, बँकेत किंवा ग्रामपंचायतीत काम करीत हे शिक्षण घेत आहात. सूचना लिहिताना, अर्ज भरून देताना, वर्गात शिकवताना कोणता शब्द योजावा, हा निर्णय आपण रोज घेता. कोशकार शब्द सुचवतो. तो स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार आपल्याकडे असतो. हा अधिकार जाणतेपणाने वापरता यावा, यासाठी रघुवीर यांच्या जीवनाचा अभ्यास उपयोगी आहे.

४.९ स्वाध्याय

१. कृ किंवा नी यांपैकी एक धातू घेऊन त्यापासून बनलेले आठ मराठी शब्द लिहा. प्रत्येकातील उपसर्ग व प्रत्यय वेगळे करून दाखवा.
२. जारक आणि प्राणवायू या दोन शब्दांची तुलना करा. त्यांपैकी एकच का रूढ झाला, ते स्पष्ट करा.
३. कायदा या शब्दाप्रमाणे परिवार वाढवलेला दुसरा एखादा परका शब्द शोधा आणि त्याचे साधित शब्द लिहा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील शेती, विणकाम, भांडीकाम अशा एखाद्या व्यवसायातील वीस शब्द जाणकार व्यक्तीकडून ऐकून नोंदवा. त्यांपैकी कोणते शब्द शासकीय अर्जात वापरता येतील, याविषयी आपले मत सकारण मांडा.